पाय घसरल्याबाबत सविस्तर खुलासा

काशीगाव, मीरा रोड (पूर्व)
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय द्वारकाआक्का हिला धाकट्या गुणवंताचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेतून कळ येते. ती का येते ते पुढे येईलच.) तुझा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावतेस की कपाटात शोभेला ठेवलंयस? भाऊजींची साखर या वेळी किती आली? उरणला सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. इकडे तुझी भावजय उर्मिला मजेत आहे, जरा जास्तच मजेत आहे. माझं काही विचारू नकोस.

पण तू विचारलं आहेस. विचारलंयस म्हणजे काय, बुधवारी सकाळी तुझ्याकडून मला तो व्हिडिओ आला, त्याखाली डोळ्यांतून पाणी काढत हसणारी सहा तोंडं, आणि त्याखाली एकच वाक्य : "हा आपला गुण्या का?" आक्का, तू चौतीस वर्षं शाळेत काढलीस, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून. पूर्ण चौकशी केल्याशिवाय कुठल्या मुलाला तू अंगठे धरून उभं केलं नाहीस, ही तुझी ख्याती. आणि सख्ख्या भावाच्या बाबतीत सहा तोंडं. मी लगेच फोन केला तर तू "हॅलो" म्हणायच्या आधी हसलीस, मग भाऊजींनी फोन घेतला, तेही हसले, मग शेजारच्या कुणीतरी बाई हसल्या. म्हणून हे पत्र. कागदावर माणसाला मध्येच तोडता येत नाही.

पहिल्यापासून सांगतो, कारण हे अपमान एका दिवसाचे नाहीत, सव्वीस वर्षांचे आहेत. १९९९ च्या जुलैत कॉलेजने मला 'जलतरण व सूर प्रशिक्षक' म्हणून घेतलं तेव्हा कॉलेजात तलाव नव्हता. ऑफिसातल्या नकाशावर एक निळा चौकोन होता आणि त्याकडे बोट दाखवून संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष मला म्हणाले होते, घरत, हे तुमचं. त्या चौकोनात पाणी यायला चार वर्षं लागली. तोवर मी काय केलं? जिमखान्यातल्या बाकांवर मुलांना पालथं झोपवून पोहायला शिकवलं. हसू नकोस. माझी बाकावरची मुलं हात-पाय इतके सुंदर मारायची की इतिहासाचे सर मधल्या सुट्टीत बघायला येत. (त्यातला एक आज मोठ्या जहाजावर आहे. त्याला पोहता येत नाही असं कानावर आलंय, पण हात अजूनही फार छान मारतो म्हणे.) मग तलाव झाला. बांधणारा गडी सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या बांधणारा, आणि पलीकडच्या कुंपणाची भिंत आडवी आली, तेव्हा पंचवीस मीटरचा तलाव चोवीस मीटर चाळीस सेंटिमीटरवर थांबला. म्हणजे माझी मुलं कॉलेजात विक्रम करतात आणि बाहेर गेली की शेवटचे साठ सेंटिमीटर त्यांना परके वाटतात. खोली मात्र त्याने भरपूर ठेवली, टाक्यांची सवय. त्यामुळे तीन मीटरचा बोर्ड बसला आणि आमच्याकडे डायव्हिंग सुरू झालं. माझ्या कारकिर्दीचा पाया हा असा आहे.

त्यात कॉलेजची समजूत अशी की घरत म्हणजे पाण्याचा माणूस. लायब्ररीचं छत गळलं, बोलवा घरतना. मुलींच्या खोलीतला नळ बंद होत नाही, घरत सर आहेत का बघा. एकदा तर प्रयोगशाळेतल्या माशांच्या काचेच्या पेटीला चीर गेली तेव्हा मला परीक्षेच्या सुपरव्हिजनमधून उठवून नेलं. मी गेलो. मी नेहमी जातो. हाच माझा दोष.

दोन वर्षांपूर्वी नव्या प्राचार्या आल्या, डॉ. सुरुची मॅडम. बाई हुशार आहेत, स्वच्छ आहेत, आणि प्रत्येक गोष्टीचा फॉर्म काढतात. त्यांनी आल्याआल्या एक क्रीडाविज्ञान सल्लागार आणला. नाव पराग, वय एकोणतीस, अंगात इस्त्रीचा टी-शर्ट, काखेत टॅब. हा मुलगा तलावावर रोज येतो आणि आजवर त्याच्या बुटांना एक थेंब लागलेला मी पाहिला नाही. काठापासून बरोबर चार फुटांवर उभा राहतो, सगळ्यांचं चित्रण करतो, मग त्यावर रेघा मारतो. मुलीने सूर मारला की मी म्हणतो, "छान, पण घाई केलीस." हा म्हणतो, "एन्ट्रीचा अँगल सत्त्याऐंशी अंश." दोन्हीचा अर्थ एकच, पण त्याचा अर्थ छापून येतो. पहिल्याच महिन्यात त्याने मला फॉर्म दिला : प्रशिक्षकाने स्वतः प्रात्यक्षिक केल्याची शेवटची तारीख. मी २०११ लिहिलं. (पाठीच्या मणक्याचं झालं तेव्हापासून डॉक्टरांनी बोर्डावर चढायला मनाई केली आहे, तुला माहीत आहे.) तर त्यापुढे त्याने लाल पेनाने लहानसं प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह मी अजून विसरलेलो नाही.

आता ऋतिकाचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरून झालं. आपल्या चेणे गावची पोर. बाप धाकू पाण्याचा टँकर चालवतो, आणि पालिकेचं पाणी कमी पडलं की आमचा तलाव त्याच्याच टँकरने भरतो. पोर आमच्याकडेच कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होती, पण मला ठाऊक नव्हती. एक दिवस बाप पाइप सोडत होता आणि ही काठावर बसली होती. मला म्हणाली, "सर, वरून उडी मारायला कुणाला विचारावं लागतं का?" मी म्हटलं, मला. ती म्हणाली, "मग विचारलं." आणि चढली. चेण्याच्या ओढ्यावरच्या दगडांवरून उड्या मारत वाढलेली. आक्का, मी हजार मुलं पाण्यात पडताना बघितली आहेत. ही पाण्याला न दुखवता आत गेली. मी धाकूला म्हटलं, पोरीला माझ्याकडे दे. तो टँकरच्या चाकाला टेकून म्हणाला, "पोरीला पान्याचा भेव न्हाय सर. तिच्या आयशीला हाय. तेवढं तुमी बगा." ते मी बघितलं. तीन वेळा चेण्याला जाऊन चहा घेतला तेव्हा आई 'हो' म्हणाली.

दोन वर्षांत पोर तयार झाली. पण ऑगस्टमध्ये एक गोष्ट घडली. तिची सगळ्यात अवघड उडी पाठमोरी आहे. पाण्याकडे पाठ करून बोर्डाच्या टोकाला उभं राहायचं, टाचा हवेत, आणि तशीच मागे दीड कोलांटी. त्या दिवशी ती उशिरा सुटली आणि अख्खी पाठ पाण्यावर आपटली. आवाज ऑफिसपर्यंत गेला. पाठीवर आठ दिवस काळंनिळं होतं. ते गेलं, पण त्यानंतर ती टोकाला पाठमोरी उभी राहायची, हात वर करायची, आणि खाली घ्यायची. रोज. परागने तिच्या भीतीचा आलेख काढला. मी म्हटलं, तिला काही दिवस बोर्डाचं नावच काढू नका, नुसतं पोहू द्या. त्याचा आलेख वर जात राहिला आणि माझं पोहणं चालू राहिलं, पण उडी काही होईना. आमच्या दोघांपैकी कुणालाच जमलं नाही, हे मी फक्त तुझ्याजवळ कबूल करतो.

गेल्या रविवारी विद्यापीठाची निवड स्पर्धा होती, ठाण्याकडच्या एका तलावावर. पाच उड्या, पहिल्या दोन मुली विद्यापीठाच्या संघात. चार उड्या झाल्या तेव्हा आमची पोर दुसरी होती, तिसरीपेक्षा थोड्याच गुणांनी पुढे. पाचवी पाठमोरी. शिट्टी झाली, ती टोकाला गेली, वळली, हात वर केले, आणि खाली घेतले. असं केलं की गुण कापतात आणि पुन्हा शिट्टी होते, दुसऱ्यांदाही नाही जमलं तर शून्य. मुख्य पंच गुण कापायला टेबलाकडे वळले. पोर बोर्डावर तशीच. आता ती उलटी वळून खाली बघायला लागली. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "उतर जा बहन." दुसऱ्या एका कॉलेजच्या कोचने (नाव लिहून मी तोंड विटाळत नाही) मोठ्याने विचारलं की ही आज उडी मारणार आहे की उद्या. माझं डोकं फिरलं. एकोणीस वर्षांची पोर वर एकटी उभी आणि खाली दीडशे माणसं घड्याळ बघतायत. मी बूट काढले आणि शिडी चढलो.

परागने हाक मारली, "सर, तुमची पाठ." मी लक्ष दिलं नाही. शिडी नऊ पायऱ्यांची होती. अंगात पँट, कॉलेजचा शर्ट, पायात मोजे, गळ्यात शिट्टी, खिशात सुदैवाने फक्त रुमाल. वर पोचलो तर पोर म्हणाली, "सर, खाली पाणी दिसत नाही, सिमेंट दिसतंय." खालून पंच, "अरे सर, नीचे आओ, अलाउड नहीं है." मी तिला एक फार महत्त्वाचा तांत्रिक मुद्दा समजावणार होतो. सव्वीस वर्षांचा अनुभव मी दोन वाक्यांत आणला होता. आणि तेवढ्यात त्या बोर्डावरच्या घासून गुळगुळीत झालेल्या रबरावरून माझा पाय घसरला.

पुढचं तू बघितलं आहेस. सहा तोंडं पाठवण्याइतकं बारकाईने बघितलं आहेस. फक्त एवढं सांगतो की तीन मीटर हे खालून वाटतात त्यापेक्षा बरेच जास्त असतात, आणि सत्तावन्नाव्या वर्षी पोट पाण्याला सपाट लागलं की दोन क्षण माणसाला आपलं नावसुद्धा आठवत नाही. मी वर आलो तेव्हा सगळी गॅलरी हसत होती. तो नाव न घेण्याजोगा कोच बाकावर आडवा झाला होता. आणि बोर्डावर आमची पोर तोंडावर हात धरून हसत होती, खांदे हलत होते तिचे. ऑगस्टनंतर मी तिला त्या बोर्डावर हसताना पाहिलं नव्हतं.

पण पंच काही हसले नाहीत. निवृत्त सैनिक, मिशा तशाच. त्यांनी मला काठावर उभं केलं आणि म्हणाले की स्पर्धकाला मदत केली म्हणून उडी बाद. तेव्हा पराग पुढे आला. (बूट भिजवून आला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. माझ्या अंगातून पाणी वाहत होतं, त्यात उभा राहिला.) टॅबवर नियम काढून तो शांतपणे वाचायला लागला. दुसरी शिट्टी झालेली नव्हती, म्हणजे उडी सुरूच झाली नव्हती, आणि अपघात म्हणजे मदत नव्हे. पंचांनी मला विचारलं, "आप जानबूझकर कूदे या पैर फिसला?" मी म्हटलं, "फिसला." म्हणाले, "लिखके दोगे?" दिलं. कागद ओला झाला म्हणून दुसऱ्यांदा दिलं. मग शिट्टी झाली. पोर टोकाला गेली, वळली, हात वर केले, आणि गेली. आवाजच झाला नाही. दुसरी आली. संघात निवड झाली.

आता मला सांग, बातमी कुठली? जिने उडी मारली तिची, की जो पडला त्याची? परागने सवयीप्रमाणे दोन्हीचं चित्रण केलं होतं. ते त्याने कॉलेजच्या मीडिया विभागाला दिलं (म्हणजे दोन मुलं आणि एक मोबाइल), आणि त्यांनी सोमवारी दोन्ही व्हिडिओ टाकले. काल रात्री जेवताना उर्मिलेने आकडे वाचून दाखवले. ऋतिकाची उडी चारशे बारा जणांनी पाहिली. माझं पडणं तीन लाख जणांनी, आणि त्यात उर्मिला अकरा वेळा. माझ्या पडण्याला ढोलकी लावली आहे. स्टेशनवरून शेअर रिक्षात बसलो तर रिक्षावाला आरशातून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "अंकल, एक बार पूछूं? वो आपही हो ना?" पलीकडच्या बाईंनी गुजरातीत काहीतरी विचारलं, त्याने हाताने पोट आपटून दाखवलं. मी एक स्टॉप आधी उतरलो.

आणि मंगळवारी मेमो. सुरुची मॅडमच्या सहीचा. एक, गणवेशात नसताना बोर्डाचा वापर. दोन, परवानगी नसताना बोर्डाचा वापर. तीन, संस्थेच्या मालकीची शिट्टी तलावात गहाळ. चार, संस्थेच्या प्रतिमेस बाधा. आक्का, मुलगी निवडून आणली त्याचा उल्लेख नाही, आणि शिट्टीचा आहे. मी दोन पानी उत्तर दिलं. त्यात स्पष्ट लिहिलं की दोष माझा नसून रबराचा आहे, आणि तलावाच्या व्यवस्थापनाकडे रीतसर लेखी तक्रार केली, तिची प्रत जोडली. एवढ्यावर थांबलो नाही. राजीनामा लिहिला. चार वेळा लिहिला, आधी मराठीत, मग इंग्रजीत, मग पुन्हा मराठीत, कारण इंग्रजीत मी फारच नम्र वाटत होतो. सव्वीस वर्षं बास झाली. बाकांवर पोहायला शिकवलं, नळ दुरुस्त केले, मासे वाचवले, आता दुसरा शोधा. एक तारखेपासून मी मोकळा. उरणला पंधरा दिवस येऊन राहीन, ओसरीवर बसेन, आणि पाणी फक्त तांब्यातलं बघेन. माझा निश्चय पक्का आहे, तेव्हा समजूत घालायच्या भानगडीत पडू नकोस.

भाऊजींना नमस्कार. जी बाई फोनवर हसली तिलाही, कोण असेल ती.

तुझा,
गुणवंत

ता. क. सोमवार. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. राजीनामा अजून दिलेला नाही. कारण तांत्रिक आहे. संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून ज्याला जायचं तो कॉलेजच्या नोकरीत असावा लागतो, आणि अखिल भारतीय स्पर्धा डिसेंबरात भुवनेश्वरला आहे. ती झाली की देणार. लिफाफ्यावर तारीख घातलेली नाही.

ता. क. २. मुलीबरोबर महिला व्यवस्थापक हवी, त्याशिवाय विद्यापीठ पाठवत नाही. नाव आमच्या कॉलेजने द्यायचं आहे. मॅडमनी परिपत्रक काढलं, त्यावर अकरा बायकांनी 'वाचले' अशी सही केली आणि कुणीही तयार नाही. गुरुवारपर्यंत नाव गेलं नाही तर जागा तिसऱ्या मुलीला. निवृत्त मुख्याध्यापिका चालते, मी विचारून घेतलं. तू कबड्डीच्या पोरी घेऊन जिल्हाभर फिरली आहेस, आणि तुझ्या समोर उशिरापर्यंत मोबाइल बघायची कुणाची छाती होत नाही. येशील का? खालचा बर्थ मिळवून देणं माझ्याकडे लागलं. धाकूला मी सांगून बसलो आहे की माझी बहीण येणार. पोरीची आई म्हणाली, "मंग हरकत न्हाय." तेव्हा तुझ्या आधारकार्डाचा फोटो आजच पाठव.

ता. क. ३. हे शेवटचं पान वाचून फाडून टाक, भाऊजींनाही दाखवू नकोस. माझ्या तक्रारीमुळे त्या तलावावरच्या ईश्वर नावाच्या माणसाला नोटीस गेली. तो रोज सकाळी तो बोर्ड ब्रशने घासतो. फोनवर मला म्हणाला, "सर, रबर तर याच वर्षी बदललंय." तेव्हापासून जेवण जात नाही. उद्या स्वतः जाऊन लिहून देतोय की रबर उत्तम होतं आणि मी मोजे घालून चढलो. हे खोटं नाही, मोजे होतेच. आणि शुक्रवारी पराग माझ्या टेबलाशी आला, लॅपटॉप उघडला, आणि पूर्ण चित्रण हळू करून मला दाखवलं. लोकांना मिळालं ते मधूनच सुरू होतं, आधीचे तीन सेकंद त्याने कुणाला दिलेच नव्हते. म्हणाला, "सर, घसरणारा माणूस आधी पाय जुळवत नाही. गुडघेही वाकवत नाही." मी म्हटलं, तुझा अँगल चुकलाय. तो म्हणाला, "असेल सर," आणि माझ्यादेखत पुसून टाकलं.

पोरीने वर मला दोन वाक्यं सांगितली होती, त्यातलं एकच मी लिहिलं. दुसरं होतं, "सर, आधी तुम्ही जाऊन दाखवा." सव्वीस वर्षं मी काठावर उभा राहून मुलांना सांगतोय, जा, काही होत नाही. मला कुणी जा म्हटलं नव्हतं. मी खाली बघितलं. खरंच सिमेंट दिसत होतं. मग गेलो.